छोट्या विमानांची रविवारची सहल

रविवारी सकाळी मित्रांबरोबर सायकलवरून दौलताबादला कधी गेला आहात काय? आदल्या दिवशी शाळेत बेत ठरतो. कोणी सिडकोतून निघतो, कोणी गारखेड्यातून, कोणी शहागंजातून. ठरलेल्या वेळी सगळे किल्ल्याच्या पायथ्याशी जमतात. डबे सोडले जातात, एकमेकांच्या सायकली चालवून पाहिल्या जातात, कोणाच्या सायकलीला नवे गिअर आहेत त्याची चौकशी होते. ऊन उतरले की परतीची वाट.

आता हीच सहल सायकलींऐवजी विमानांनी काढली तर? हसू नका! जगात अनेक देशांत अशा सहली निघतात. स्वतःचे किंवा क्लबचे छोटे विमान घेऊन हौशी वैमानिक सुट्टीच्या दिवशी ठरलेल्या विमानतळावर उतरतात, एकत्र जेवतात, एकमेकांची विमाने न्याहाळतात आणि संध्याकाळच्या आत घरी परततात. अशा मेळाव्याला ‘फ्लाय-इन’ म्हणतात. आपण त्याला ‘उड्डाण-मेळावा’ म्हणू.

आपण आज असाच एक मेळावा कागदावर भरवणार आहोत. जागा आपली घरचीच: छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ. मेळावा काल्पनिक असला, तरी त्यातली अंतरे, वजने आणि हवा मात्र खरी आहे. वही-पेन्सिल जवळ घ्या. या सहलीत डब्यापेक्षा गणित अधिक लागते.

छोटे विमान म्हणजे केवढे?

चिकलठाण्याला मुंबई-दिल्लीहून येणारी मोठी विमाने तुम्ही पाहिली असतील. त्यांचे वजन कित्येक टन असते. आपल्या मेळाव्यातली विमाने त्यांच्यापुढे चिमणीएवढी. उदाहरणादाखल ‘सेसना १७२’ हे विमान घेऊ. १९५५ साली ते पहिल्यांदा उडाले आणि आजवर ४० हजारांहून अधिक तयार झाली. इतक्या मोठ्या संख्येने दुसरे कोणतेही विमान बनलेले नाही. चार माणसांची बैठक, वर एक सलग पंख, नाकावर दोन पात्यांचा पंखा आणि त्यामागे मोटारीसारखे पिस्टनचे इंजिन. वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर. मोकळ्या विमानाचे वजन साधारण ७५० किलोग्रॅम, म्हणजे एखाद्या लहान मोटारीइतके. माणसे, सामान व इंधन भरून ते ११५० किलोग्रॅमच्या वर जाता कामा नये. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

अशा विमानांचा जगातला सर्वांत मोठा मेळावा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी दर वर्षी जुलैच्या अखेरीस भरतो. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी घरी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांची एक संघटना काढली. त्याच वर्षी मिलवॉकी येथे पहिला मेळावा भरला, तेव्हा मोजकीच विमाने आली होती. १९७० पासून हा मेळावा ऑशकॉशला भरतो आणि आता त्या आठवड्यात त्या परिसरात सुमारे १० हजार विमाने उतरतात. इतकी विमाने रेडिओवरून बोलू लागली तर एकाचेही बोलणे दुसऱ्याला ऐकू जायचे नाही. म्हणून तिथे वैमानिकाने उत्तर द्यायचे नसते. नियंत्रक विमानाचा रंग पाहून सूचना देतो आणि ‘समजले असेल तर पंख हलवा’ असे सांगतो. वैमानिक विमान डावी-उजवीकडे डोलवतो. वर्गात गुरुजींनी ‘कळले का?’ विचारावे आणि आपण नुसती मान डोलवावी, तसेच हे!

आपल्याकडची सुरुवात

आपल्याकडे हौशी उड्डाणाची सुरुवात मुंबईत झाली. १९२८ साली जुहू येथे बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. तेथेच शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेल्या परवान्यांमधला तो क्रमांक १ चा परवाना.

पुढच्याच वर्षीची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. भारत आणि इंग्लंड यांच्यामधील अंतर एकट्याने विमानातून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. जे. आर. डी. कराचीहून लंडनकडे निघाले. अस्पी इंजिनिअर नावाचा १७ वर्षांचा तरुण लंडनहून कराचीकडे निघाला. दोघांचीही विमाने छोटीशी, उघड्या बैठकीची. मे १९३० मध्ये दोघांची गाठ इजिप्तमधील अबुकीर येथे पडली. अस्पीच्या इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि तो तिथे अडकून पडला होता. प्रतिस्पर्धी अडकलेला पाहून जे. आर. डीं.नी काय करावे? त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग अस्पीला देऊन टाकले. अस्पी मार्गस्थ झाला आणि थोड्या तासांच्या फरकाने बक्षीस जिंकला! हेच अस्पी इंजिनिअर पुढे १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते.

उड्डाण-मेळाव्यांचे मूळ याच वृत्तीत आहे. आकाशात एकटे असलेल्या माणसाला जमिनीवर मदत लागते: एखादा प्लग, थोडे इंधन, आणि ‘पुढे ढग आहेत, आज जाऊ नकोस’ असे सांगणारा कोणी.

पुढे जुहूच्या भोवती मुंबई वाढली आणि या क्लबने आपले उड्डाण-प्रशिक्षण धुळ्याला नेले. बारामतीला आणि गोंदियालाही विमान चालवायला शिकवले जाते. तेव्हा आपल्या कल्पनेतल्या मेळाव्याला चार ठिकाणांहून एकेक विमान बोलावू: धुळे, बारामती, जुहू आणि गोंदिया. दिवस जानेवारीतला एक रविवार.

कोणी किती वाजता निघावे?

नकाशावर पट्टी ठेवून सरळ अंतरे मोजली तर चिकलठाण्यापासून धुळे सुमारे १३३ किलोमीटर, बारामती २००, जुहू २८३ आणि गोंदिया ५४० किलोमीटर भरते. ताशी २०० किलोमीटर वेगाने धुळ्याहून ४० मिनिटे, बारामतीहून १ तास, जुहूहून १ तास २५ मिनिटे आणि गोंदियाहून २ तास ४२ मिनिटे लागतील. धुळ्याचा प्रवास एस. टी.ने केला असेल, तर हा फरक तुम्हांला नीट कळेल!

सगळ्यांनी सकाळी ८ वाजता पोहोचायचे ठरवले तर गोंदियाकरांना ५ वाजून १८ मिनिटांनी निघावे लागेल. पण ते जमणार नाही. हौशी वैमानिक जमिनीवरच्या खुणा पाहत उडतो. असे नजरेचे उड्डाण दिवसाउजेडीच करावे लागते. गोंदिया आपल्या पूर्वेला असल्याने तिथे सूर्य आपल्या आधी, सुमारे पाव तास, उगवतो. तरीही जानेवारीत तिथे उजाडायला पावणेसात होतात. म्हणून ७ वाजता निघायचे असे धरू. ते ९ वाजून ४२ मिनिटांनी पोहोचतील. इतरांनी त्यांच्याच बरोबर यावे म्हणून जुहूकरांनी ८.२० ला, बारामतीकरांनी ८.४५ ला आणि धुळेकरांनी ९ वाजून ५ मिनिटांनी उडावे. सर्वांत दूरचा पाहुणा साऱ्या मेळाव्याचे घड्याळ लावतो.

निघण्यापूर्वी प्रत्येकाला उड्डाणाचा आराखडा भरून द्यावा लागतो. कोठून कोठे, किती उंचीवरून, किती वेळात, किती इंधन घेऊन, किती माणसे. हवाई संरक्षण यंत्रणेची परवानगी घ्यावी लागते. हे सोपस्कार नव्हेत. एखादे विमान वेळेवर पोहोचले नाही तर त्याचा शोध कोठे घ्यायचा, हे त्या आराखड्यावरूनच कळते.

आकाशात टक्कर होऊ नये म्हणून एक साधा नियम आहे. ३ हजार फुटांच्या वर नजरेने उडताना पूर्वेच्या बाजूला जाणाऱ्याने विषम हजारांवर ५०० फूट अधिक अशी उंची धरायची, जसे ३५०० किंवा ५५०० फूट. पश्चिमेच्या बाजूला जाणाऱ्याने सम हजारांवर ५०० फूट, जसे ४५०० किंवा ६५००. समोरासमोर येणारी विमाने अशी आपोआप वेगवेगळ्या मजल्यांवर राहतात. आगगाडीला ‘अप’ आणि ‘डाऊन’ रूळ असतात, तसे हे आकाशातले अदृश्य रूळ म्हणा ना!

देवगिरी कोणत्या हाताला?

आता धुळेकरांच्या विमानात बसू. धुळ्याहून चिकलठाणा जवळजवळ दक्षिण-आग्नेयेला आहे. होकायंत्राच्या तबकडीवर उत्तर शून्य धरून मोजले तर १५० अंशांवर. नकाशावर ही रेघ काढली तर ती बरोबर चाळीसगावावरून जाते. पुढे सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर येतात, कन्नड जवळून जाते, आणि मग मराठवाड्याचे पठार. या रेघेवर राहिले तर वेरूळचा डोंगर व देवगिरीचा किल्ला उजव्या हाताला, १२-१३ किलोमीटरवर दिसायला हवेत.

पण समजा, पूर्वेकडून ताशी ३० किलोमीटरचा वारा वाहतो आहे. वैमानिकाने नाक १५० अंशांवर रोखून ठेवले आणि वाऱ्याचा विचारच केला नाही. काय होईल? नदीच्या पात्रात सरळ पलीकडच्या काठाकडे पोहणारा मुलगा प्रवाहाबरोबर खाली वाहत जातो, तसेच विमान वाऱ्याबरोबर वाहत जाते. ते सभोवतालच्या हवेत उडत असते, आणि सारी हवाच पश्चिमेला सरकत असते. ४० मिनिटांत हवा २० किलोमीटर सरकली, तर विमानही २० किलोमीटर सरकले. चिकलठाण्याऐवजी ते वाळूजच्या आसपास पोहोचेल!

पण वैमानिक दक्ष असेल तर ही चूक त्याच्या आधीच ध्यानात येईल. कारण त्याला देवगिरी उजवीकडे नव्हे, तर डावीकडे दिसेल. यादवांनी राजधानी म्हणून नांदवलेला हा किल्ला आज आकाशातल्या वाटसरूला वाट सांगतो. ‘मी डाव्या हाताला आलो, म्हणजे तू वाऱ्याला फसलास.’

यावर उपाय काय? वारा जिकडून येतो तिकडे नाक थोडे वळवून ठेवायचे. वरच्या उदाहरणात सुमारे ७ ते ८ अंश पूर्वेकडे, म्हणजे डावीकडे. मग विमान थोडे तिरपे, खेकड्यासारखे चालत राहते, पण जमिनीवरची वाट मात्र सरळ पडते. वारा अंशतः समोरूनही लागत असल्याने ४० मिनिटांऐवजी सुमारे ४४ मिनिटे लागतात. आज विमानात उपग्रहांवरून जागा सांगणारी जी. पी. एस. यंत्रे असतात. तरीही शिकाऊ वैमानिकाला ही रेघ आणि हा कोन हाताने काढायला शिकवतात. यंत्र बंद पडले तरी देवगिरी बंद पडत नाही.

चौथा मित्र रेल्वेने

गोंदियाहून चार मित्र निघणार आहेत. प्रत्येकाचे वजन ७५ किलोग्रॅम धरू. चौघांचे ३००, आणि डबे-पिशव्यांचे १०, मिळून ३१०. विमान रिकामे ७५० किलोग्रॅम, आणि कमाल ११५०. म्हणजे वाहता येईल असे वजन ४००. उरले ९० किलोग्रॅम, तेवढेच इंधन घेता येईल. या इंजिनांना लागणारे विमानाचे पेट्रोल फिकट निळ्या रंगाचे असते. दुसऱ्या इंधनाशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून तो रंग मुद्दाम मिसळलेला असतो. त्याच्या एका लिटरचे वजन सुमारे ७२० ग्रॅम. तेव्हा ९० किलोग्रॅम म्हणजे १२५ लिटर. तासाला ३५ लिटर जळतात असे धरले तर हे इंधन साडेतीन तासांना थोडे अधिक पुरेल.

गोंदिया ते चिकलठाणा २ तास ४२ मिनिटे, आणि अडीअडचणीसाठी पाऊण तासाचे राखीव इंधन, मिळून ३ तास २७ मिनिटे. म्हणजे जेमतेम जमले! शिवाय पूर्वेचा वारा पाठीशी आहे, तो मदतच करील.

पण परतीचे काय? तोच वारा आता समोरून येईल. जमिनीवरचा वेग २०० वरून १७० च्या आसपास उतरेल, आणि ५४० किलोमीटरला सुमारे ३ तास १० मिनिटे लागतील. राखीव पाऊण तास मिळवला की जवळजवळ ४ तास. इंधन मात्र साडेतीन तासांचे! टाकीत जागा आहे, पण वजनाला जागा नाही. शिवाय हे निळे पेट्रोल प्रत्येक विमानतळावर मिळतेच असे नाही. ते चिकलठाण्याला मिळेल काय, ही चौकशी निघण्याआधीच करायला हवी.

मग मार्ग दोनच. एका मित्राने रेल्वेने जावे, किंवा वाटेत नागपूरला उतरून इंधन घ्यावे. तिसरा मार्गही आहे: ‘अरे, थोडे वजन जास्त झाले तर काय बिघडते?’ असे म्हणायचे. हा मार्ग फार सोपा आहे, आणि अनेक वैमानिकांचा तो शेवटचा मार्ग ठरला आहे. विमानात मैत्रीपेक्षा बेरीज मोठी असते.

उतरायचे कोठल्या बाजूने?

चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्या एका टोकावर ०९ आणि दुसऱ्या टोकावर २७ असे मोठे आकडे रंगवलेले असतात. ते काय सांगतात? होकायंत्राच्या अंशांतला शेवटचा शून्य गाळला आहे. ०९ म्हणजे ९० अंश, पूर्वेकडे तोंड. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. कोणत्या बाजूने उतरायचे हे वारा ठरवतो. विमाने नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरतात आणि उडतात.

का ते पाहू. हे छोटे विमान जमिनीला टेकते तेव्हा हवेच्या संदर्भात त्याचा वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर असतो. समोरून ३० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या संदर्भात वेग ६० च उरतो. तोच वारा पाठीमागून असेल तर १२०. वेग दुप्पट, म्हणजे गतिज ऊर्जा चौपट. थांबायला धावपट्टीही त्या मानाने चौपट लागणार. आपल्या मेळाव्याच्या दिवशी वारा पूर्वेचा आहे, म्हणून सगळे शहराच्या बाजूने येऊन पूर्वेकडे तोंड करून उतरतील. नियंत्रण मनोऱ्यातून रेडिओवर वारा सांगितला जातोच, शिवाय धावपट्टीजवळ फुगून उभी राहणारी कापडी वारापिशवीही तेच सांगते.

मेळावा एप्रिलमध्ये का नको?

तुम्ही म्हणाल, जानेवारीत शाळा असते. मेळावा एप्रिल-मे महिन्यांत, परीक्षा संपल्यावर भरवा ना! दुपारी निवांत जेवून विमाने उडतील. इथेच चिकलठाण्याची खरी गंमत आहे, आणि धोकाही.

जुहूहून येणाऱ्या विमानाला सह्याद्री ओलांडताना डाव्या हाताला कळसूबाई लागते. १६४६ मीटर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. त्या शिखरावर धावपट्टी बांधली आणि तिथून विमान उडवले तर? तिथली हवा विरळ. विमानाचे पंख हवेला खाली ढकलतात, म्हणून विमान वर उचलले जाते. हवाच कमी, तर उचल कमी. अवघड काम!

आता हे गणित पाहा. विमानशास्त्रात तुलनेसाठी एक ‘प्रमाण वातावरण’ मानले आहे. त्यात समुद्रसपाटीला तापमान १५ अंश सेल्सियस असते आणि एक घनमीटर हवेचे वजन १२२५ ग्रॅम भरते. उंच जावे तसे दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी तापमान उतरते. चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून ५८२ मीटर उंच आहे. तेव्हा प्रमाणानुसार इथे सुमारे ११ अंश तापमान असायला हवे. जानेवारीतल्या पहाटे ते खरोखरच तेवढे असते. त्या वेळी एक घनमीटर हवा सुमारे ११५५ ग्रॅम भरते.

एप्रिलमधल्या दुपारी पारा ४० वर जातो. तापली की हवा फुगते, विरळ होते. तोच घनमीटर आता १०५० ग्रॅम भरतो. वैमानिकांचा ठोकताळा असा की प्रमाणापेक्षा तापमान एक अंशाने अधिक असेल, तर विमानतळ सुमारे ३६.५ मीटर उंच चढला असे समजावे. इथे फरक जवळजवळ २९ अंशांचा. २९ गुणिले ३६.५ म्हणजे १०५८. त्यात मूळचे ५८२ मिळवा. उत्तर १६४० मीटर!

पाहिलेत? एप्रिलमधल्या दुपारी चिकलठाण्याची धावपट्टी, विमानाच्या दृष्टीने, कळसूबाईच्या शिखरावर जाऊन बसते. जमीन तसूभरही हललेली नसते. तुम्हां-आम्हांला काहीच दिसत नाही. पण विमानाला ते तत्काळ जाणवते, आणि तीन ठिकाणी जाणवते. पंखांना कमी हवा मिळते, म्हणून उडण्यासाठी अधिक वेगाने धावावे लागते. इंजिनाला प्रत्येक श्वासात कमी प्राणवायू मिळतो, म्हणून त्याची ताकद घटते. आणि नाकावरच्या पंख्याला मागे ढकलायला हवा कमी मिळते, म्हणून जोरही घटतो. समुद्रकाठच्या गार सकाळी सुमारे ३०० मीटर धावून उडणारे पूर्ण भरलेले विमान इथे त्या दुपारी ४०० मीटरहून अधिक धावते. उडाल्यावरही ते रेंगाळत, हळूहळू चढते.

चिकलठाण्याची धावपट्टी मोठ्या विमानांसाठी बांधलेली, त्यामुळे छोट्या विमानाला ती पुरून उरेल. पण पुढे झाडे किंवा टेकडी असलेल्या एखाद्या लहान धावपट्टीवर हेच विमान अडचणीत येईल. वैमानिकाला गणित येत असेल तर तो सकाळीच निघतो, किंवा एक माणूस कमी घेतो. गणित येत नसेल तर तो म्हणतो, ‘काल सकाळी तर छान उडाले होते!’

मोठ्या विमानांनाही धावपट्टीच्या शेवटी उरणारे अंतर किती मोलाचे असते, हे या शहराने फार दुःखाने पाहिले आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान चिकलठाण्याहून उडताना धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. विमानाचे नाक उशिरा उचलले जाणे आणि रस्त्यावरील वाहतूक रोखलेली नसणे ही कारणे चौकशीत पुढे आली. एकच एक कारण क्वचितच अपघात घडवते. अनेक लहान गोष्टी एका रांगेत येतात आणि शेवटची काही मीटर जागा खाऊन टाकतात. म्हणून वैमानिक प्रत्येक मीटर आधी मोजतो.

जमल्यावर काय करायचे?

आपली चारही विमाने पावणेदहाच्या सुमारास उतरली. आता खरी मजा! कोणाच्या विमानाला पंख वर आहेत, कोणाच्या खाली, का? वरच्या पंखामुळे खालचे दृश्य मोकळे दिसते. खालच्या पंखामुळे वळताना वळणाच्या दिशेचे आकाश झाकले जात नाही. इंजिनाचा आवाज, तेलाचा डाग, टायरची हवा, सगळ्याची चर्चा होते.

ऑशकॉशच्या मेळाव्यात सर्वांत जास्त गर्दी घरी बांधलेल्या विमानांभोवती असते. आपल्याकडेही असा एक ध्यास घेतलेला मराठी वैमानिक आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला, आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याने चाचणी-उड्डाण केले. गच्चीवरून विमान खाली कसे उतरवले असेल? सुटे करून, क्रेनने!

गप्पा रंगतात, जेवण होते. आणि तेवढ्यात घड्याळ बोलावू लागते. गोंदियाला जानेवारीत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि परतीला वाऱ्यामुळे ३ तास १० मिनिटे हवीत. नागपूरला उतरायचे तर त्याहून अधिक. म्हणून गोंदियाकरांनी बाराच्या आसपास उठलेले बरे. मित्र म्हणतील, ‘थांबा की अजून अर्धा तास!’ आणि वैमानिक म्हणेल, ‘नाही.’ हे ‘नाही’ म्हणता येणे ही उड्डाणातली सर्वांत अवघड कला आहे. ढग उतरले तर तो म्हणतो, ‘आज मुक्काम. उद्या एस. टी.ने जाऊ, विमान नंतर नेऊ.’ घरी जायची घाई हा छोट्या विमानांचा जुना शत्रू आहे. जमिनीवर राहून ‘वर असतो तर बरे झाले असते’ असे वाटणे परवडते. वर असताना ‘जमिनीवर असतो तर’ असे वाटणे परवडत नाही.

करून पाहा

१. भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशावर आपल्या गावी आणि चिकलठाण्याला टाचणी टोचा. दोन्हींत दोरा ताणा. नकाशाच्या प्रमाणावरून अंतर काढा, कोनमापकाने उत्तरेपासूनचा कोन मोजा. दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना कोणत्या नद्या, डोंगर, लोहमार्ग येतात त्यांची यादी करा. कोणती खूण कोणत्या हाताला दिसेल?

२. वर्तमानपत्रातून आपल्या गावाचे कमाल व किमान तापमान महिनाभर टिपून ठेवा. गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची शोधा. वरच्या ठोकताळ्याने विमानाच्या दृष्टीने तुमचे गाव पहाटे किती उंच असते आणि दुपारी किती, ते रोज काढा आणि त्याचा आलेख काढा. तुमचे गाव दिवसातून एकदा डोंगर चढते आणि रात्री खाली उतरते, हे तुम्हांला दिसेल.

३. एक अवघड प्रश्न: बारामतीच्या विमानाला त्या दिवशीच्या पूर्वेच्या वाऱ्यामुळे नाक कोणत्या बाजूला वळवावे लागेल, डावीकडे की उजवीकडे? आधी दोरा ताणा, मग उत्तर द्या.

पुढच्या वेळी डोक्यावरून एखादे छोटे विमान घरघरत गेले तर नुसते हात हलवू नका. वारा कोणत्या दिशेचा आहे ते पाहा. त्याचे नाक त्याच्या वाटेपासून किती वळलेले आहे, याचा अंदाज घ्या. त्याचे नाक एकीकडे आणि वाट दुसरीकडे दिसली तर वैमानिकाने गणित नीट केले आहे, असे समजा.